वाकळेचा घास

हौसे, तुझं सगळंच घाईचं. मरणसुद्धा घाईतच उरकलंस. एका बाजाराला अंग मोडून आलं म्हणून आडवी झालीस, पुढच्या बाजाराला तू नव्हतीस. चार दिवस पेज करून घालायला, दुखणं ऐकून घ्यायला, शेवटचं एकदा कडकडून भांडायलाही सवड दिली नाहीस.

तुला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. बायका डोळे पुसत एकमेकींना म्हणत होत्या, "अहेव गेली बाई, भाग्याची." माझं कुंकू पुसलेलं, म्हणून मला जरा बाजूला बसवलं होतं. तिथून तुझं तोंड अर्धंच दिसत होतं. थोरली जाऊ मी, रडायचं सोडून मला तुझा हेवा वाटला. मग रडले. पण आधी हेवा वाटला, हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण आपल्या दोघींत सगळं तिथूनच सुरू व्हायचं.

काल तुझं तेरावं झालं. बाहेरचे पाव्हणे गेल्यावर भावजींनी तुझ्या लुगड्यांचं गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं. पलटणीत इतकी वर्षं काढलेला तुझा नवरा, पण त्या गाठोड्याकडे बघवत नव्हतं त्यांना. "वहिनी, तुमीच काय ते करा. वाकळ शिवा न्हाईतर वाटून टाका," म्हणाले आणि मळ्याकडे निघून गेले. गेलेल्या बाईच्या लुगड्यांची वाकळ करायची, ही आपल्याकडची रीतच. पण या घरात वाकळ शिवायची आणि ती मी शिवायची, याचं मला हसू आलं. तू असतीस तर गाठोडं बघितल्याबरोबर फतकल मारली असतीस आणि दिवेलागणीला घडी घालून उठली असतीस.

तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा मी तुला माझं शिलाई मशीन दाखवलं होतं. माझे वडील सांगलीच्या हळदपेठेत दिवाणजी, त्यांनी लग्नात दिलेलं. गावात तेवढं एकच. त्याला मी झालरीचं झाकण केलं होतं. तू मेढ्याकडच्या डोंगरातली. मशीनभोवती एक चक्कर मारलीस आणि विचारलंस, "आक्का, ह्यावर वाकळ हुती का?"

"वाकळ नाही गं, गोधडी म्हणतात," मी म्हटलं.

"बरं. मग गोधडी हुती का?"

होत नव्हती. चार पदर आले की सुई मोडायची. ते मी तुला सांगितलं नाही.

माझी गोधडी तेव्हा ट्रंकेत होती. म्हणजे गोधडीचे चौकोन होते. पुठ्ठ्याचा नमुना ठेवून कात्रीने कापलेले, रंगवार लावलेले, मधोमध आठ पाकळ्यांचं फूल यायचं होतं. दिवाळीनंतर करू, सुगीनंतर करू, लग्नसराई आटोपली की करू, असं म्हणता म्हणता माझी लेक नंदा परकर सोडून साडीला आली होती. तू ते चौकोन हातात घेतलेस, चाचपलेस आणि म्हणालीस, "लय झ्याक हायती. पर आक्का, थंडीला चौकोन कळत न्हाई." आत्याबाई फिसकन हसल्या. हौसे, आपली सासू माझ्या लग्नापासून माझ्या एकाही बोलण्याला हसली नव्हती.

त्याच थंडीत माझ्या माहेरची माणसं आली. सकाळच्या यष्टीबरोबर निरोप, संध्याकाळच्या यष्टीने माणसं. भाऊ, भावजय, त्यांची पोरं, आणि वर भावजयीचे आईवडील. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. अंथरुणं तर मोजकी. मी शेजारी मागायला निघाले तेव्हा तू म्हणालीस, "मागायचं कशापायी? घरात चिंध्या हायती की."

सोप्यात तू आत्याबाईंचं विरलेलं लुगडं अंथरलंस. त्याच्या कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, मापटं आणि माझी इस्त्री ठेवलीस. मामंजींचं धोतर, भावजींची उसवलेली खाकी विजार, जुन्या गंजी, मी पोतेऱ्याला ठेवलेला परकर, हाताला येईल ते ओढलंस. मी कात्री आणून दिली, तिला तू शिवलीही नाहीस. कापडाच्या काठाला दातांनी एक चावा आणि टर्रकन फाडायचं. तुकडा निघेल तो आपला. कडेपासून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत दुमडायची, धावदोरा घालायचा, पुढचा तुकडा त्याच्यावर चढवायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. नमुना म्हणून नाही. खाकीशेजारी जांभळं, जांभळ्याशेजारी पांढरं. टाके लांब लांब, "मधले पाव्हणं गेल्याव भरीन" म्हणालीस. मी दारात उभी राहून बघत होते. आता चुकेल, आता कापड कमी पडेल, आता एका अंगाला आकसेल, असं मनात म्हणत होते. देवाशपथ, तसं व्हावं असंच मला वाटत होतं. नंदा तुला दोरा ओवून देत बसली होती. माझ्याजवळ सुई घेऊन कधी बसली नव्हती ती.

दिवेलागणीला मधोमध तळहाताएवढी जागा उरली. तिच्यावर तू लाल खणाचा तुकडा ठेवलास, तीन बाजू शिवल्यास, चौथी उघडी ठेवलीस आणि हाक मारलीस, "आक्का, घास घाला."

"कसला घास?"

"वाकळेला. उपाशी मिटू न्हाई तिला." तू माझ्या हातावर चिमूटभर जोंधळे ठेवलेस.

"अगं, धुतल्यावर कुजतील ना ते आत."

"कुजू द्या की. घास खाल्ला म्हंजी पोटात तसाच ऱ्हातो व्हय?"

मी जोंधळे आत टाकले. तू तोंड शिवलंस, दोरा दातांनी तोडलास आणि वाकळ झटकून उठलीस. मला काय वाटलं माहीत आहे? दिवसभर राबून सगळं स्वतः केलं, आता शेवटी पुढाऱ्याला नारळ फोडायला बोलावतात तसं मला बोलावलं. माझा तिथेच तिळपापड झाला.

सकाळी भाऊ चहा पिताना म्हणाला, "ताई, काय ऊब आहे गं त्या पांघरुणाला. तुझ्या हातची का?" मी तोंड उघडायच्या आत चुलीपुढून तुझा आवाज आला, "व्हय, आक्काचीच हाय ती." भाऊ कौतुकाने माझ्याकडे बघत राहिला आणि मला ते कौतुक गिळता येईना. पदरात भीक घातल्यासारखं वाटलं. आणि त्याच दुपारी आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या हौसाचा हात म्हंजी मशीन हाय मशीन." खरं मशीन झालरीच्या झाकणाखाली त्यांच्या पाठीमागेच होतं.

त्यानंतर किती वाकळा झाल्या या घरात. ऊसतोडीच्या टोळीतली बाई कोपीत बाळंत झाली, तिला झाली. भावजींना पलटणीत न्यायला झाली, ती म्हणे तिथल्या कांबळ्याहून गरम. प्रत्येक वाकळेला तीन बाजू झाल्या की तुझी हाक यायची. मी कणकेचे हात तसेच पुसत यायचे, जोंधळे टाकायचे, तोंड वाकडं करून परत जायचे. मग आमचे हे गेले. ज्या बायका मला आधी हळदीकुंकवाला घेऊन जायच्या, त्या दारावरून सरळ पुढे जायला लागल्या. डोहाळजेवणाला, बारशाला मी आत, भांड्यांपाशी. तुझी हाक मात्र बंद झाली नाही. "आक्का, घास घाला की," तू चारचौघींत ओरडायचीस, आणि एक-दोघी एकमेकींकडे बघायच्या. तू त्यांच्याकडे बघायचीसही नाहीस. हौसे, तेव्हा तुझे पाय धरावेत असं एकदा मनात आलं होतं. पण लगेच दुसरं मनात आलं, की हेही हिलाच सुचायचं.

तुला पोर झालं नाही. त्याचं तू कधी बोलली नाहीस, पण माझी पोर कधी तुझी झाली ते मला कळलं नाही. नंदाला चुलतीचा लळा, असं गाव म्हणायचं. डोकं दुखलं तर काकी, वेणी घालायची तर काकी, सासरी जाताना गळ्यात पडून रडली ती पहिल्यांदा काकीच्या. मी मागे हात बांधून उभी होते, माझी पाळी येण्याची वाट बघत.

म्हणून नंदाच्या पहिल्या बाळंतपणाला मी ठरवलं होतं, या बाळाला माझ्या हातची गोधडी. एवढं तरी माझं असू दे. सांगलीच्या पेठेतून पोपटांचं छापील टेरिलीन आणलं, नवं मांजरपाट आणलं आणि मशीनला पेलेल एवढी पातळ गोधडी शिवली. पाकळ्या अगदी सरळ आल्या, बघत राहावं अशा. पौषातली थंडी होती आणि पोरगी वेळेआधी आली, मूठभर. तिला माझ्या गोधडीत ठेवली की ती किरकिर करायची. टेरिलीन अंगावरून घसरायचं, मांजरपाट पापडासारखं वाजायचं. नंदा म्हणाली, "आई, टोचतंय गं तिला." तान्ह्या बाळाला जुनेर लागतं हे काय मला ठाऊक नव्हतं? साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण जुनेरात फूल उठून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नदीवरून धुणं घेऊन आले तर तू सोप्यात बसलेली, फिरत फिरत जवळजवळ मधोमध आलेली, आणि तुझ्या मांडीवर माझ्या आईचं इरकली लुगडं. आईच्या मागे माझ्या वाटणीला आलेलं तेवढं एकच. डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं. मी ते कधी नेसले नाही. वर्षातून एकदा काढायचे, ऊन दाखवायचे, नाकाला लावायचे आणि परत ठेवायचे. ते तू फाडलं होतंस. आणि ट्रंक उघडून कुणी दिली होती? नंदानं.

"कुणाला विचारलंस?" धुणं उंबऱ्यातच टाकून मी म्हटलं.

"इचारायला तुमी कुठं हुता? पोरगी गारठली हुती. आक्का, एवढं मऊ कापड दुसरं न्हाई घरात."

"कापड नाही ते. माझी आई आहे ती."

"मग आई ट्रंकेत काय करती? पोरीला घेऊ द्या की जवळ."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. पोरगी त्याच इरकलीच्या उरलेल्या तुकड्यात गुरफटून गाढ झोपली होती. तू मधला खण तीन बाजूंनी शिवलास आणि, तुझी हिंमत बघ, एवढं झाल्यावरही हात पुढे केलास. "आक्का, घास."

"तूच घाल. तुझीच आहे ती. लेक तुझी, नात तुझी, आता माझी आईही घे."

तू जोंधळे मुठीत धरून आत गेलीस आणि डब्यात परत टाकलेस. मला वाटलं, माझ्या माघारी घालशील.

नंदा सांगलीला सासरी गेली ती तुझी वाकळ घेऊन. माझी गोधडी "इथं आले की लागेल" म्हणून फडताळात ठेवून गेली. तू आणि मी उन्हाळा लागेपर्यंत मीठ दे, पीठ घे, एवढंच बोललो. पुढे सगळं बोललो, हसलो, एका ताटात जेवलो. त्या लुगड्याचं मात्र कधीच निघालं नाही. "चुकलं आक्का" असं तू कधीतरी म्हणशील, याची मी वाट बघत होते. तू कशाची वाट बघत होतीस, ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

काल तेराव्याला नंदा पोरीला घेऊन आली. पोर आता पाटी घेऊन बालवाडीत जाते, पण त्या वाकळेशिवाय झोपत नाही, म्हणून वाकळही बरोबर आली. विरलेली, ठिकठिकाणी ठिगळं लावलेली. तुझी मेढ्याची बहीण चुलीपाशी बसली होती. तिनं वाकळ मांडीवर ओढली, तुझ्या टाक्यांवरून हात फिरवत फिरवत मधोमध आली आणि थांबली. खणाची चौथी बाजू उघडीच होती. सुतं निघू नयेत म्हणून कड तेवढी बारीक दुमडून टाचलेली.

"हिला घास न्हाई घातला?" तिनं विचारलं.

नंदा म्हणाली, "काकीला मी कितीदा म्हटलं, शिवून टाक. ती म्हणायची, आक्काची हाय ती, आक्का घालतील कवातरी."

"म्हणजे काय?" मी म्हटलं.

तुझी बहीण माझ्याकडे बघत राहिली. "आवं, तुमाला ठावं न्हाई? आमच्यात शिवणारीनं घास घालायचा नसतो. ज्येचा घास, त्येची वाकळ. हौसा माहेरला आली की म्हनायची, म्या शिवल्या त्या समद्या आक्काच्या. मी म्हनलं, बये, एक तरी सोताची कर. तर म्हनली, आक्काला लय हौस हाय वाकळेची, पर त्यास्नी चौकोनातनं सवड गावत न्हाई."

मला आधी हसू आलं. मग चुलीपुढचा तुझा आवाज आठवला. व्हय, आक्काचीच हाय ती. तू भावाला खरं तेच सांगितलं होतंस. ऊसतोडीतल्या बाईला दिलेली माझी, भावजींनी पलटणीत नेलेली माझी. मी या घरात इतकी वर्षं माझ्याच वाकळांवर जळत बसले होते. हौसे, एका वाक्याचं काम होतं गं. का सांगितलं नाहीस? तुला वाटलं असेल मला माहीत आहे. डोंगरातल्या बाईला जे ठाऊक ते सांगलीच्या शिकलेल्या बाईला ठाऊक नसेल कसं? की माझं तोंड बघून गंमत वाटायची तुला? आता कुणाला विचारू? आणि खरं सांगू, हे कळल्यावरही मला तुझा हेवाच वाटला. एवढं देऊन न बोलता राहणं मला कधी जमलं नसतं. वाकळा माझ्या केल्यास आणि मोठेपणा तेवढा स्वतःकडे ठेवलास.

तिन्हीसांजेला मी सुई घेतली. डब्यातले चिमूटभर जोंधळे त्या खणाखाली टाकले आणि चौथी बाजू शिवली. बोटभर शिवण, पण मला मेलीला केवढा वेळ लागला. टाका एकसारखा आला नाही की मी उसवत होते. पोर पेंगुळलेली, माझ्या मांडीला टेकून उभी. "आज्जी, दे ना. हौसाआज्जीची वाकळ दे."

"ती आता आज्जीची आहे," नंदा तिला म्हणाली. "आज्जीनं घास घातला ना."

पोरीनं ती माझ्या हातातून ओढून घेतली, माझ्या आईच्या काठाचा तुकडा नेमका शोधून गालाखाली धरला आणि डोळे मिटले. "नाही," ती म्हणाली. "हौसाआज्जीची." घे. या बाबतीत तरी आता भांडण नको.

राहिलं तुझं गाठोडं. नंदा म्हणाली, "आई, काकीच्या लुगड्यांची मला शिव." भावजी तोंडाने मागणार नाहीत, पण परसात उभे राहून वाकळ कधी होते ते विचारून गेले. तुझी बहीण यष्टीत चढताना म्हणाली, "झाली की घास घालायला मला बलवा." मी सगळ्यांना बरं म्हटलं.

आज सकाळी बसले. कात्री घेतली नाही. तुझ्या जांभळ्या लुगड्याचा काठ दातात धरला. त्याला धुराचा वास होता, तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास होता. पहिल्या फाडीला कापड वेडंवाकडं गेलं. तसंच ठेवलं. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, मापटं, इस्त्री. कडेने दुमडत, टाके लांब लांब टाकत निघाले. हिरवं आलं त्याच्याशेजारी विटकरी बसलं, मी थांबले नाही. नंदा येऊन दोरा ओवून द्यायला बसली. मी तिला बस म्हटलं नव्हतं. दिवेलागण झाली तेव्हा मधोमध तळहाताएवढी जागा उरली होती. एका दिवसात, हौसे. माझ्या हातून. आत्याबाई असत्या तर बघून गेल्या असत्या.

खण लावला, तीन बाजू शिवल्या. जोंधळे वाटीत काढले आणि तिथे अडले. शिवणारीनं घालायचा नाही, म्हणजे माझी व्हायची नाहीस. नंदाला सांगितलं तर नंदाची होशील. भावजींना सांगितलं तर त्यांची. तुझ्या बहिणीला बोलावलं तर मेढ्याला निघून जाशील. ती वाटी हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसले आणि एकाचंही नाव माझ्या तोंडून निघेना.

मग चौथी बाजू बारीक दुमडून टाचली, तू टाचली होतीस तशी. जोंधळे डब्यात परत टाकले.

नंदा म्हणाली, "आई, घास?"

मी वाकळेची घडी घालत म्हटलं, "हौसाची हाय ती. घालंल कवातरी."